तळ्याअलीकडचा उतार

बाबांची नजर पुरती जायच्या आत त्यांना डोंगरापलीकडचं तळं दाखवायचं, एवढ्यासाठी ही स्वारी निघाली होती. थंडीच्या तोंडावर हरणांचे कळप त्या तळ्यावर उतरत. बाबांचा जन्म ट्रक चालवण्यात गेला. फेरीवरून परतताना ते तिथे हमखास थांबायचे. डॉक्टरांनी हिवाळ्यापर्यंतची मुदत दिली होती. लेकीने तान्हं बाळ नवऱ्याच्या हवाली केलं आणि अर्धा जीव घरी ठेवून स्टिअरिंग धरलं.

रस्ता देखणा होता. कापणी झालेली शेतं, तारांवर दाटीने बसलेली पाखरं, आणि पुढे पानगळीचं रान, असं तांबूस की नजर ठरू नये. वाटेत भाजलेली कणसं घेतली. बाबा एकेक दाणा चाचपून सोलत होते, येणारं प्रत्येक वळण आधीच सांगत होते. अजून दिसतंय तर, म्हणून ती सुखावली. तिच्या चालवण्यावर मात्र त्यांचं एकच म्हणणं होतं, गोगलगाईला तरी लाजवू नकोस.

दुपारनंतर धुकं उतरलं. एका ठिकाणी दरड कोसळून निम्मा रस्ता गेला होता. तिथून ती श्वास रोखून निघाली. मग उतार लागला, आणि तिने सवयीने गियर काढून इंजिन बंद केलं. डिझेल वाचवायची ही ट्रकवाल्यांची जुनी खोड तिला बाबांनीच लावलेली! माळावरच्या उतारांवर ती खपून जायची. इथे उतार संपेचना! गाडी सुसाट सुटली. इंजिन बंद, त्यामुळे ब्रेक दगडासारखा घट्ट झाला. स्टिअरिंग वळेना. डावीकडे दरी!

"चावी फिरव," बाबा शांतपणे म्हणाले. "आता दुसरा गियर टाक. डोंगराला घास."

इंजिन घुरघुरलं. गाडीने हिसका खाल्ला. उजवा पत्रा कातळावर करकरला, आरसा उडाला, आणि मातीच्या ढिगात नाक खुपसून गाडी थांबली.

तिने मान वर केली. बॉनेटसमोर, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळ, भल्या थोरल्या शिंगांचं हरण उभं होतं! त्याच्यामागून अख्खा कळप आवाज न करता रस्ता ओलांडत होता. तिने बाबांचा हात घट्ट दाबला. त्यांचे डोळे उघडे होते, अगदी समोर लागलेले.

"अगं, बसलीस काय? उतरून चाक बघ ना."

कळप धुक्यात विरेपर्यंत तिने त्यांचा हात सोडला नाही.

"कधीपासून, बाबा?"

"तुझ्या बाळंतपणाच्या सुमारास. बाळ कुणासारखं दिसतं, विचारलंस. म्हटलं, तुझ्या आईसारखं. तू इतकी हसलीस की मग सांगवेना. आणि या तळ्याचं ठरवताना किती दिवसांनी तुझा आवाज खुलला होता."

तळं पुढच्याच वळणावर होतं. तिने उतरून चाकं पाहिली, गाडी मागे घेतली आणि तोंड घराकडे वळवलं. पहिल्या गियरमध्ये चढ चढताना मध्येच तिला पुढचं दिसेनासं व्हायचं. बाहीने डोळे पुसून ती पुन्हा चालवायची.

"आईसारखं नाहीये ते," अखेर ती म्हणाली. "नाक तुमचं आहे. बसकं."

बाबांनी हात उचलला. स्वतःच्या नाकावरून बोट फिरवलं. मग पुन्हा एकदा, सावकाश.