अमावस्येची ट्रकगणती

"अगं, अमावस्येला कोणी ट्रक मोजतं का? कुठला गाढव बसवला होता, कोणास ठाऊक," मी फोनवर मैत्रिणीला सांगत होते.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या तरुणानं चहाचा कप अलगद खाली ठेवला.

"कुंदन," तो म्हणाला. "तो गाढव... मीच."

नामपूरच्या कांदा मार्केटसमोरची कुसाबाईंची टपरी, डिसेंबरातली सकाळ, धुक्यात ट्रॅक्टरांची लांबच लांब रांग. मी फोन ठेवला. माफी मागावी की आणखी झापावं, ठरेना. दिसायला बरा होता, म्हणून तर जास्तच राग आला.

मी तेजस्विनी. मूळची देवळ्याची, नोकरी नाशिकला, काम रस्त्यांची डिझाइन करायचं. इथली काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. तिच्यात चुना मिसळून आधी ती घट्ट करायची, वर खडी, आणि मग डांबर. प्रत्येक थर किती जाड, हे ठरतं रस्त्यावरून किती ट्रक जातात आणि किती वजनाचे, त्यावरून. ती गणती बाहेरची एजन्सी करते. आलेले आकडे पाहून मला हसावं की रडावं कळेना. एवढ्या मोठ्या मार्केटला एवढेसेच ट्रक? म्हणून मी स्वतःच आले होते.

"आमच्याकडे अमावस्येला लिलाव बंद असतात," मी म्हणाले. "तुम्ही नेमकी अमावस्या आणि तिला जोडून आलेली सुट्टी धरलीत."

"मी सिन्नरचा. एमआयडीसीत वाढलो. आमच्या ट्रकांना तिथी कळत नाही."

मला हसू आलं. ते मी चहात बुडवलं.

"ताई, च्या थंडा हुई ऱ्हायना," कुसाबाई म्हणाल्या. त्यांना सगळं दिसत होतं.

मग गणती पुन्हा सुरू झाली. तो ट्रकच्या चाकांखाली वजनकाटा सरकवायचा, मी आकडे लिहायचे. धूळ ज्या बाजूनं येई, त्या बाजूला तो आपली खुर्ची ओढून बसे.

"इतकं टक लावून ट्रक बघता," एकदा तो म्हणाला, "ड्रायव्हर लाजतात."

"तुम्ही नका लाजू. तुम्हाला वजन नाही."

"करून बघा ना काटा."

मी मान खाली घालून आकडा लिहिला. तो चुकीचा लिहिला, मग खोडला.

गणती संपली. ट्रक आधीच्या तिप्पट निघाले, आणि एकेक ओव्हरलोड. संध्याकाळी वजनकाटा आवरता आवरता तो माझ्याकडे वळला.

"एक विचारू? जुने आकडे का बदलले, ते काय लिहाल?"

"जे आहे तेच."

"पुढच्या महिन्यात माझी नोकरी कायम होणारेय. आमच्या एजन्सीच्या ज्योत्स्ना मॅडम अशी चूक सोडत नाहीत, घरी पाठवतील. माती खराब निघाली म्हणून जाडी वाढवली, असं लिहिलंत तर... रस्ता मजबूत तर होईलच ना?"

"हा होईल. पण तुमच्याच जुन्या आकड्यांवर शेजारचे दोन रस्ते बांधले जातील. ते दोन पावसाळ्यांत उखडतील. त्यातल्या एका रस्त्यानं माझे बाबा कांदा आणतात. मी खोटं लिहिणार नाही. माझ्याकडून कळण्याआधी तुम्ही स्वतः सांगा."

तो उठून निघून गेला. मला फार वाईट वाटलं. तो मला आवडू लागला होता. आणि त्यानं मॅडमना सांगितलं नाही, तर ते आवडणं इथंच थांबेल, हेही मला पक्कं ठाऊक होतं.

मार्केटच्या गेटपाशी तो फोन कानाला लावून उभा दिसला. बोलत कमी होता, ऐकत जास्त. परत आला तेव्हा चेहरा उतरलेला होता.

"घरी नाही पाठवलं. कायम करणं सहा महिने पुढे ढकललं. आणि तिन्ही रस्ते मीच पुन्हा मोजायचे."

"वाईट झालं."

"झालं खरं." तो बाकावर बसला, या वेळी माझ्या शेजारी. "मॅडमना फोन लावताना घाबरलो होतो. आता त्याहून जास्त घाबरलोय."

"का?"

"अजून एक गोष्ट खरी सांगायचीय... पण तुम्ही एकदम डिझाइनच्या बाईसारखं बघता."

मी वही मिटली. समोरून भरलेला ट्रक गेला. आम्हा दोघांनीही तो मोजला नाही.

"सरळ सांगा," मी म्हणाले. "मॅडमना सांगितलंत तसं."

त्यानं सरळ सांगितलं. हो म्हणायला मॅडमसारखे सहा महिने मी लावले नाहीत.