देवघरामागची भेग

‘दारातच थांब. आधी वर बघ, मग पाय ठेव. आणि घराला हाक मारल्याशिवाय आत शिरू नकोस.’

कौमुदीला इमारती तपासायला शिकवणाऱ्या हेर्लेकरताईंचं हे सांगणं तिच्या कानात अजून जसंच्या तसं होतं. ताई जाऊन आज चौदावा दिवस, आणि तपासायचं घरही आज त्यांचंच होतं. सांगलीच्या नदीकाठची ‘गारवा’ ही सहा मजल्यांची, चोवीस बिऱ्हाडांची इमारत, आणि तळमजल्यावरचं हे पहिलं दार.

कौमुदीनं मीटरचा खटका आधीच पाडला होता. डोक्यावर शिरस्त्राण घालून ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली. छताला कुठं फुगवटा नाही, ओल नाही, गिलावा लोंबकळत नाही, हे नीट पाहिलं. मग हाक मारली. रिकाम्या घरात आवाज कसा घुमतो यावरून तपासनिसाला बरंच कळतं. हाक कसलीही चालते. आज तिच्या तोंडून आली ती ‘ताई!’ एवढीच.

घरानं ती तशीच परत दिली.

“बाई, मी इथं किती वेळ उभं राहायचं?” मागून सोसायटीचे अध्यक्ष श्रीपाल मगदूम म्हणाले. इमारतीच्या पाच वर्षांनी होणाऱ्या तपासणीसाठी त्यांनीच तिला बोलावलं होतं.

“मी बाहेर येईपर्यंत. दर पाच मिनिटांनी हाक मारायची. मी ओ दिली नाही तर आत यायचं नाही. बाहेरूनच अग्निशमनवाल्यांना फोन करायचा.”

“म्हणजे तुम्ही आत पडून राहिलात तरी मी यायचं नाही?”

“नाही.”

“चांगलाय की नियम. आमच्या बायकोला पण सांगून ठेवा.”

ती हसली नाही. भिंतीच्या कडेकडेनं, आधी टाच टेकवून मग भार देत, ती आत गेली.

गारवा बांधली श्वासचुन्यानं. तीस वर्षांपूर्वीच्या त्या पिढीला या चुन्याचं फार कौतुक होतं. साध्या चुन्यात सूक्ष्म जीव मिसळलेले असत. माणसाच्या उच्छ्वासातला वायू आणि ओल घेऊन हे जीव दगडासारखा कठीण चुना तयार करत आणि भिंतीला बारीक भेग गेली की ती आपोआप भरून काढत. भरलेल्या भेगेची पांढरी रेघ मागं राही, तिला लोक ‘पांढरी शीर’ म्हणत. म्हणजे राहतं घर आपल्या माणसांच्या श्वासावर स्वतःला सांधत राही. घर बंद पडलं की भिंतही उपाशी राही. शिवाय या जीवांना, विरजणाला एका भांड्याची लागावी तशी, एकेका माणसाच्या श्वासाची सवय लागत असे. नव्या माणसाची ओळख पटायला सव्वा महिना जाई, तोही रोजचा, खाडा न करता.

चूक घडली ती पुढच्या पिढीत. पांढऱ्या शिरा दिसायला बऱ्या नाहीत म्हणून लोकांनी भिंतींना तेलरंग दिला. गुळगुळीत, देखण्या भिंती आतल्या आत गुदमरून मेल्या. म्हणून श्वासचुन्याच्या घरात बिनभेगेची भिंत पाहिली की तपासनीस आधी तीच तपासायला घेई.

कौमुदीनं नाडीयंत्र काढलं. तळहाताएवढी ही चकती भिंतीला चिकटवली की चुना किती जिवंत आहे ते तिचा काटा दाखवतो. दिवाणखान्यात काटा जेमतेम हलला. स्वयंपाकघरात तेवढाच.

“बाई!”

“ओ!”

राहिली देवघराची भिंत. पलीकडे इमारतीचा मधला खांब, सगळ्या मजल्यांचा भार घेणारा. या भिंतीला आजवर बाहेरच्या कुठल्याच तपासनिसानं हात लावला नव्हता. भिंतीला टेकलेलं वीतभर खोल लाकडी देवघर हलवायचं म्हणजे देव हलवायचे, ते कोण करणार? सात वर्षं ताईंच्या हाताखाली शिकताना कौमुदी रोज सकाळी त्यांच्या शेजारी बसून पोथी वाचत असे. तिनंही कधी मागं डोकावून पाहिलं नव्हतं. पण आता ताईंचा पुतण्या देव कुरुंदवाडला घेऊन गेला होता. देव्हारा रिकामा होता.

तिनं आधी हात जोडले. मग देव्हारा हळूच पुढं ओढला. त्याला पाठीची फळी नव्हती, देवांमागं नुसतं विरळ कापड लावलेलं. सुतार विसरला असावा, असं ती इतकी वर्षं समजत होती.

मागच्या भिंतीवर पांढरा डाग होता. बसलेल्या बाईच्या तोंडाच्या उंचीवर, परातीएवढा, दुधाच्या सायीसारखा जाड. त्याच्या मधोमध एक भेग. भेगेवर आडवी चिकटवलेली काचेची पट्टी. भेग सरकते का ते कळावं म्हणून तपासनीस अशी काच लावतात. भेग रुंदावली की काच तुटते. काचेच्या कोपऱ्यात ताईंच्या बारीक अक्षरात एकोणीस वर्षांपूर्वीची तारीख होती.

काच तुटलेली होती. तुटलेल्या कडा लखलखीत, त्यांच्यावर धुळीचा कण नव्हता.

कौमुदीनं कडेवर नख फिरवलं. तूट ताजी होती.

दवाखान्यात नेलं त्याच शेवटच्या दिवशी ताईंनी तिचा हात धरला होता. “माझा नेम खंडू देऊ नकोस गं. रोज एक अध्याय. मोठ्यानं. आणि भिंतीपासून वीतभर.”

“हो ताई,” ती म्हणाली होती. वीतभर म्हणजे नजर अधू म्हणून, असं तिला वाटलं होतं. मोतीबिंदू निघाल्यावरही ताई तशाच भिंतीला तोंड लावून बसत, हे तेव्हा आठवलं नाही. मग ताई गेल्या. घराला सुतक, सुतकात पोथी कशी उघडायची? तेरा दिवस होऊ देत, मग सुरू करू, असं तिनं मनाशी ठरवलं. श्रद्धेनंच ठरवलं. आणि ते तेरा दिवस भिंत उपाशी राहिली.

“बाई! … अहो बाई!”

“ओ,” ती म्हणाली. “या आत. कडेनं या.”

मगदूमांनी भेग पाहिली आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. “ही होय! ही ताईंची जुनी भेग. महापुरात पाया जरासा खचला तेव्हाची. आमच्या वडिलांना ताईंनी दोनदा पत्र दिलं होतं, इमारत सोडा म्हणून. वडील म्हणाले, बघू. वर्ष गेलं, दोन गेली, भेग आहे तेवढीच. मग ताईंनी पण विषय सोडला.”

“विषय सोडला आणि इथं बसायला लागल्या,” कौमुदी म्हणाली. “ही भेग रोज केसभर उघडू बघते, मगदूम. त्या रोज तिला सांधून धरत होत्या. म्हणून तुम्हाला ती तेवढीच दिसली.”

मगदूम कसनुसे हसून म्हणाले, “एका बाईच्या पोथीवर चोवीस घरं?”

“पोथीवर नाही हो. श्वासावर. सख्खा भाऊ गेला तेव्हा ताई सकाळचा अध्याय संपवून कुरुंदवाडला गेल्या आणि अंधार पडायच्या आत परत आल्या. मी मनात म्हटलं होतं, काय ही कोरडी बाई.”

“किती दिवस आहेत आपल्याकडं?”

“अशीच ठेवली तर दहा. फार तर पंधरा.”

“माझी आई तिसऱ्या मजल्यावर अंथरुणाला खिळलीय. एवढ्यात कुठं नेऊ? मी बसतो की इथं उद्यापासून, त्यात काय!”

“सव्वा महिना लागेल तुमची ओळख पटायला. एक दिवस चुकला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून.”

“माझं फिरतीचं काम…” ते खाली बघू लागले. “मग ही ओळखते तरी कुणाला?”

कौमुदीनं नाडीयंत्र भेगेजवळ लावलं, भिंतीपासून वीतभर अंतर ठेवून मांडी घातली आणि तोंडपाठ असलेला पहिला अध्याय म्हणायला सुरुवात केली. दहाव्या ओवीला काटा थरथरला. विसाव्या ओवीला तो सावकाश वर चढू लागला, झोपेतून जागं झालेलं मूल कूस वळवतं तसा. सात वर्षं ताईंच्या शेजारी बसलेल्या शिष्येला भिंत विसरली नव्हती.

अध्याय संपवून तिनं मान वळवली. मगदूमांचा चेहरा उजळला होता. त्या उजळलेल्या चेहऱ्याचं तिला भेगेपेक्षा जास्त भय वाटलं.

तिनं त्याच दुपारी अहवाल दिला: इमारत राहण्यास अयोग्य, तातडीनं रिकामी करावी. एक प्रत जिन्यात चिकटवली. प्रत्येक दार वाजवून सांगितलं. लोकांनी बसवून घेतलं, पाणी दिलं, आणि जाताना विचारलं, “पण तुम्ही येणार ना रोज?”

ती घरी पोचते तोच मगदूमांचा फोन आला.

“बाई, घर झाडून घेतलंय. आसन घातलंय, पंखापण बसवलाय तुमच्यासाठी.”

“पंखा नको. श्वास भिंतीला लागत नाही.”

“बरं, काढतो.”

“आणि मगदूम, घरं शोधा. सगळ्यांनी.”

“बघू की. आता काय घाई आहे?”

तिनं फोन ठेवला. तिला ताईंचं एकोणीस वर्षांचं गप्प राहणं आत्ता कुठं कळलं. ती जितक्या नेमानं बसेल तितकी भेग तेवढीच दिसेल, आणि भेग जितकी तेवढीच दिसेल तितकं कुणी जागचं हलणार नाही. आणि नाही बसली, तर तिसऱ्या मजल्यावर एक म्हातारी अंथरुणाला खिळून होती.

कोपऱ्यात भरलेली बॅग होती. नागपूरला तिच्या लेकीचे, ऋजुताचे, दिवस भरत आले होते. बॅगेत बाळंतविडा होता, दुपटी होती, डिंकाचे लाडू होते. लेकीचा निरोप आला होता: ‘आई, गुरुवारची गाडी ना?’

कौमुदीनं ‘हो’ लिहिलं. पुसलं. ‘बाळाला इकडंच घेऊन ये, तुझी सोय करते’ असं लिहिलं, आणि हातून काय लिहिलं गेलं ते वाचून दचकली. या गावात, त्या चुन्याच्या घरात, आणखी एक श्वास भिंतीला बांधायचा! तेही तिनं पुसलं.

पहाटे तिनं स्नान केलं, तुळशीला पाणी घातलं. बॅग उघडून लाडवांचा डबा वर काढून ठेवला, कुणाबरोबर तरी पाठवायला. निरोपाच्या उत्तराची जागा अजून रिकामीच होती. सोवळ्याच्या कापडात गुंडाळलेली पोथी तिनं छातीशी धरली आणि दार ओढून घेतलं.

ताईंच्या उंबऱ्यावर, सवयीनं, तिनं आधी वर पाहिलं. मग पाय ठेवला.