चिपाडाची राख

भुताखेतांवर माझा तेव्हाही विश्वास नव्हता, आताही नाही. पण त्रेपन्नच्या पौषात रोहण्याजवळ काय झालं ते सांगतो. हसू नका म्हणजे झालं.

मी सडक खात्यात कारकून होतो. नवी सडक उसाच्या जुन्या मळ्यातून जायची होती आणि मधोमध उभं होतं गोऱ्या साहेबाने ख्रिस्ती मजुरांसाठी बांधलेलं प्रार्थनाघर. साहेब विलायतेला परतला, मजूर मानमोडीच्या तापाच्या साथीत दगावले. माझ्या कागदावर विचारलं होतं, 'वापरात आहे काय? भाविक किती?' वापरात नसेल तर पाडायचं.

शेजारी मनकर्णाबाईंचं गुऱ्हाळ होतं. पहिली कढई नुकतीच उतरली होती, वासानेच तोंडाला पाणी सुटत होतं.

"पाडू नका ना जी," बाई म्हणाल्या. "पहिला गूळ आमी तिथंच ठेवतो. मंग ते मजूर लोकं प्रार्थनेले येतात. आमचे मालकबी त्यायच्यात जाऊन बसतात."

मालक, म्हणजे महादेवराव, वारून सहा वर्षं झाली होती.

"कोणी पाह्यलं त्यायले?" मी विचारलं.

"पाहा काऊन लागते? राख टाकू, सारं कळते."

दहाव्याला आपण राख पसरून पाऊल बघतो, तसंच. बाईंनी प्रार्थनाघरातल्या टेबलावर गूळ ठेवला आणि मागे सरकत चिपाडाची राख चाळून दारापर्यंत पसरली. कुलूप मी लावलं आणि किल्ली मुठीत धरून पायरीवर काकवी चाटत बसलो. भर दुपार होती, मी मजेत होतो.

मग आतून... गुणगुण. चरक असेल म्हणून वळून पाहिलं, तर बैल सोडलेले. आत बरीच माणसं हळू सुरात गात होती. कोणीतरी खोकलं.

"ऐकलं?" बाई खुदकन हसल्या. "हा खोकला आमच्या घरचा..."

गाणं थांबल्यावर कुलूप काढलं. राखेवर ओळीने गुडघ्यांचे ठसे, पाऊल एकही नाही. भिंतीशी मात्र कोणी ऐसपैस मांडी घालून बसल्याचा ठसा होता.

"आलते! आलते!" बाईंनी टाळ्या वाजवल्या. "त्यायले गुडघे टेकणं कुठं जमते!"

मलाही हसू आलं. दारातूनच मोजलं. गुडघ्यांच्या जोड्या बारा, महादेवराव तेरावे. 'वापरात आहे, भाविक तेरा' असं लिहून मोकळा झालो. त्या तेरा जणांपायी पुढे सडक शंभर हात वळली.

बाई मात्र बोटं मोजत होत्या. "बाबूजी... मजूर तं अकराच होते."

"मंग बारावी जोडी कोणाची?"

त्यांनी माझ्या धोतराकडे बोट दाखवलं. दोन्ही गुडघ्यांवर राख होती. उंबरा तर मी ओलांडलाच नव्हता...