मादी : अज्ञात

तुडतुडा म्हणजे झाडांचा रस शोषणारा, चार मिलिमीटरचा किडा. माझं आयुष्य त्याच्या पंखांवरच्या शिरा मोजण्यात गेलं आणि त्याचा मला काडीचाही पश्चात्ताप नाही. यंदा चौदा तुडतुडे कुठल्याच जातीत बसेनात. सहा महिने भिंगाला डोळा लावून मी नव्या जातीचं वर्णन लिहिलं. चौदाही नर निघाले, म्हणून रिवाजाप्रमाणे शेवटी एक ओळ टाकली : ‘मादी : अज्ञात.’ जातीला बायकोचं नाव दिलं.

“अकरा वर्षं संसार केला, आणि बक्षीस काय, तर किडा!” संशोधन-पत्रिकेचा छापील अंक हातात घेऊन ती म्हणाली. खूश होती, ते लपत नव्हतं.

तो मंगळवार होता. बुधवारी इमारतीच्या रखवालदाराने तिला अडवून, कोणाकडे जायचंय, असं विचारलं. हा माणूस तिला रोज नमस्कार करतो. आम्ही पोट धरून हसलो. गुरुवारी ऑफिसचं दार तिच्या कार्डाने उघडेना. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण काचेआडून नुसती बघत राहिली.

घरी येऊन तिने माझ्यासमोरच आईला फोन लावला.

“आई, मी बोलतेय गं.”

सासूबाईंचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. “कोण पाहिजे तुम्हाला?”

तिने फोन खाली ठेवला. “तू काय लिहिलंयस माझ्याबद्दल?”

“तुझ्याबद्दल नाही. किड्याबद्दल.” म्हणालो खरा, पण अंक उघडून ती शेवटची ओळ पुन्हा वाचली.

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. तरी संपादकांना फोन करून ती ओळ काढायची गळ घातली.

“छापलेलं कसं काढणार, सर? मादी मिळाली तर वर्णन पाठवा, लगेच छापू. नमुना मात्र संग्रहात जमा हवा. मारून, कार्डावर चिकटवून.”

शुक्रवारी सकाळी जाग आली तेव्हा शेजारची उशी गार होती. तिच्या चपला दाराशी, पर्स खुंटीवर. हाक मारायला तोंड उघडलं आणि तिचं नाव आठवेना. अंक उघडून बघावं लागलं.

बाल्कनीतल्या कुंडीत, गवताच्या काडीवर एक तुडतुडा होता. भिंग लावलं. पंखांच्या शिरा माझ्या चौदा नमुन्यांसारख्या. पोटाखाली अंडी घालायची सुई.

मादी.

तुडतुडे पोट थरथरवून बोलतात. ती थरथर काडीतून दुसऱ्या तुडतुड्याला कळते. माणसाच्या बोटाला जाणवत नाही, असं मी वर्गात शिकवतो.

काडीला बोट लावलं.

तीन ठोके. थांबून एक.

किल्ली विसरली की ती दार असंच वाजवायची. मीच आहे, उघड.

वर्णन मी तिथेच बसून लिहिलं. ते छापून आलं की सगळे तिला ओळखतील. संग्रह क्रमांकाची जागा तेवढी रिकामी राहिली.

किडे मारायची बाटली आणली. एरवी सावली पडली तरी तुडतुडा उडी मारतो. ही हलली नाही. मी बूच घट्ट बसवलं.

आता काचेवर. तीन. थांबून एक.