पाचवा टायर

ब्रेक मी वेळेवर दाबला होता. आईशपथ! तरी गाडी थांबली नाही. साबणावरून पाय सरकावा तशी पुढे घसरत गेली आणि सिग्नलला उभ्या असलेल्या स्कूटरच्या मागे जेमतेम वीतभर अंतर ठेवून उभी राहिली.

माझे हात स्टिअरिंगला चिकटले. स्कूटरवाला मागे वळला, हेल्मेट काढलं आणि स्कूटर बाजूला लावून माझ्याकडे यायला लागला. संपलं सगळं! आता हा ओरडणार, गर्दी जमणार, कुणीतरी फोटो काढणार आणि तो फोटो थेट नांदेडला बाबांच्या मोबाइलवर जाणार.

"अगं आई गं..." माझ्या तोंडून निघालं.

तो खिडकीपाशी थबकला. "मराठी?"

मी काच दोन बोटं खाली घेतली. "सॉरी. मी ब्रेक दाबला होता. खरंच दाबला होता..."

"हौ, दिसलं मला." तो माझ्याकडे बघतच नव्हता. वाकून पुढचं चाक न्याहाळत होता. "टायरला काय लावलंय?"

"शाइन. टायर चमकवायचा."

"केवढा?"

"बाटली."

"अख्खी?"

मी मान हलवली. मागचा रिक्षावाला तेलुगूत ओरडला, "अम्मा, बंडी पक्ककु तीयंडी!" – गाडी बाजूला घ्या – आणि मी खरोखरच रडायच्या बेतात आले.

"कायकू एवढं घाबरताय? गाडी हळूच डावीकडे घ्या. मेट्रोच्या पिलर सातशे चाळीसच्या मागं माझं दुकान आहे, गाड्या धुण्या-चमकवण्याचं." तो सरळ उभा राहिला आणि मग थोडं चाचरत म्हणाला, "आणि... उतरल्यावर दारं बघू नका. आधी पाणी प्या."

मी अर्थातच उतरल्या उतरल्या दारं बघितली. पांढऱ्याशुभ्र दारांवर चाकांपासून वरपर्यंत काळ्या थेंबांचा सडा पडला होता.

मी भित्री आहे, हे सांगून टाकलेलं बरं. पालीला भिते, लिफ्टला भिते, फोन वाजला तरी दचकते. पण सगळ्यात जास्त भिते ती बाबांच्या या गाडीला. बाबा म्हणजे शंकरराव सोनकांबळे, एकतीस वर्षं एसटी चालवलेला माणूस. निवृत्त झाल्यावर ते आम्हाला घेऊन हैदराबादला आले आणि ही गाडी घेतली. रोज फडक्यानं पुसतात. कुठंही निघायच्या आधी डिकी उघडून स्टेपनी तपासतात, मग ते कोपऱ्यावर भाजीला का जाणं असेना. लायसन्स माझ्या पर्समध्ये दोन वर्षांपासून आहे. पण गाडी एकदाच चालवायला मिळाली, आणि तेव्हाही ती उड्डाणपुलावर चार वेळा बंद पडली. मागे हॉर्नचा नुसता गोंधळ! बाबांनी जागा बदलून घेतली आणि घरी आल्यावर किल्ली खिशात टाकत म्हणाले, "निशे, हे तुझं काम नव्हे."

आता त्यांचे गुडघे दुखतात. गाडी नुसती उभी असते. म्हणून ती माझा चुलतभाऊ रवी याला देऊन टाकायची, हे ठरवायलाच ते सोमवारी सकाळी नांदेडला गेले होते. रविवारी परत येणार होते. मी मनाशी ठरवलं होतं, रविवारी नामपल्ली स्टेशनावर त्यांना आणायला गाडी मी एकटीनं घेऊन जायची. चकाचक करून! त्यांनी बघितलं की ते रवीला नाही म्हणतील. आणि त्यांना गाडीवर एक डाग जरी दिसला... तर किल्ली गेली ती कायमचीच.

हे सगळं मी त्या अनोळखी माणसाला, पाण्याचा ग्लास हातात धरून, एका दमात सांगून टाकलं. घाबरले की मी फार बोलते.

"मी सौरभ," तो म्हणाला. "सुलतान बाजारातल्या जुन्या मराठी वस्तीतला. आजोबांपासून इथंच. माझं मराठी जरा असं-तसं आहे, हसू नका."

हसण्याच्या अवस्थेत होतं कोण?

त्यानं मऊ फडक्यानं एकेक ठिपका पुसायला घेतला. डॅशबोर्डवरची बुद्धाची छोटी मूर्ती आधी दोन्ही हातांनी उचलून कपाटावर ठेवली, पाणी उडू नये म्हणून. ते मी बघितलं, आणि त्याला कळू दिलं नाही.

"लावलात कसा?" त्यानं विचारलं.

"आई रविवारी डोक्याला तेल लावते ना... तसा. भरपूर. चांगला मुरावा म्हणून."

तो फडकं तोंडावर धरून हसला. "केसात मुरतं. रबरावर कुठं मुरणार? वरच राहतं, चाक फिरलं की उडतं. आणि जमिनीला टेकतो तिथंही लावलात. त्यावरच घसरलात आज."

त्यानं चारही चाकं ब्रशनं घासून कोरडी ठणठणीत केली. "उद्या या. पद्धतशीर शिकवतो."

मंगळवारी मी गेले. जाताना तीनदा परतावंसं वाटलं.

"फेस पांढरा येईपर्यंत घासायचं," तो सांगत होता. "तपकिरी येतोय म्हणजे जुनं अजून आहे. मग पूर्ण कोरडं करायचं. मग हा पाण्यासारखा शाइन, तेलकट नक्को. स्पंजावर दोनच थेंब. फक्त बाजूला लावायचा, खाली रस्त्याला टेकतो तिथं बोटसुद्धा नाही."

मी स्पंज फिरवला. तो भलतीकडेच जात होता. त्यानं माझं मनगट धरलं नाही, नुसता आपला हात शेजारून फिरवून दाखवला – आणि मला ते धरण्यापेक्षा जास्त झालं.

"आता?"

"आता पंधरा मिनिटं थांबायचं. मग कोरड्या फडक्यानं पुसून घ्यायचं, जास्तीचं निघून जातं. घाई केली की सगळं दारावर."

पंधरा मिनिटं आम्ही पायरीवर बसलो. त्यानं चहा मागवला. डोक्यावरून मेट्रो गेली. पुसून झाल्यावर मी दुसऱ्या चाकाकडे वळले, तर तो घाईनं म्हणाला, "नाही नाही, एका दिवशी एकच."

"का?"

"नीट... सुकायला पाहिजे."

"चारही एकदम सुकत नाहीत?"

त्यानं मान खाजवली. "सुकतात. पण मी दुकानात एकटाच आहे ना."

मला ते पटलं नाही, तरी मी मान डोलावली आणि घरी एकच चाक काळंभोर करून गेले. आई, विमलाबाई, गॅलरीतून बघत होती. "हे काय गं?" तिनं विचारलं. "टप्प्याटप्प्यानं करतेय," मी म्हणाले. ती माझ्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

बुधवारी दुसरा टायर. गुरुवारी तिसरा. शाइन लावायच्या आधी तो मला कारखान्यांकडच्या मोकळ्या रस्त्यावर घेऊन जायचा. मी चालवायची, तो शेजारी बसायचा. उड्डाणपुलाजवळ आलं की माझ्या हाताला घाम सुटायचा. मग तो खिडकीबाहेर बघत स्वतःशीच बोलल्यासारखं बोलायचा, "क्लच हळू... हौ... अजून हळू." गुरुवारी मी पूल चढले. गाडी बंद पडली नाही. मी ओरडलेच, "सौरभ, बघितलंस?"

तो माझ्याकडे वळला. "बघितलं-स?"

कान गरम झाले होते.

"राहू दे तसंच," तो हळूच म्हणाला. "चांगलं वाटतंय."

शुक्रवारी चौथा टायर झाला. पंधरा मिनिटं संपली, फडकं फिरलं, गाडी चारही पायांवर झळकत उभी राहिली. मी वेगानं एक चक्कर मारून आले आणि दारं तपासली. एक ठिपका नाही! मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. काम संपलं होतं. उद्या यायला काही कारणच उरलं नव्हतं.

तो हात पुसत होता. एकच हात परत परत पुसत होता.

"झालं मग," तो म्हणाला.

"हो... झालं."

मी दार उघडलं, बसले, किल्ली फिरवली आणि बंद केली. आयुष्यात एवढी भीती कधी वाटली नसेल. उड्डाणपुलावरसुद्धा नाही.

"सौरभ... स्टेपनी राहिली ना?"

तो बघतच राहिला. "स्टेपनीला कुणी शाइन लावत नाही. ती कुणाला दिसते?"

"माहीत आहे मला."

त्यानं फडकं खाली ठेवलं. "मग उद्या लवकर ये," तो म्हणाला. "तिला वेळ लागेल."

शनिवारी त्यानं स्टेपनी डिकीतून काढून पायरीवर ठेवली. आम्ही दोघांनी मिळून घासली, अर्धी त्यानं, अर्धी मी. फेस पांढरा आला. थेंब दोनच. मग थांबायचं.

"रोज संध्याकाळी मला भीती वाटायची," तो एकदम म्हणाला. "तू आली नाहीस तर? चारच टायर आहेत, मी काय करू? बस असती तर सहा मिळाले असते."

"तुला? भीती?"

"परेशान होतो मी! दाखवत नाही, एवढंच." त्याचे काळे झालेले हात गुडघ्यांवर होते. "मला तू आवडतेस, निशिगंधा. उद्या मी येऊ स्टेशनवर? बाबांना भेटायला?"

"नको!" मी जवळजवळ किंचाळले. त्याचा चेहरा पडला, तेव्हा मीच त्याचा तो काळा हात धरला. "मलाही आवडतोस तू. फार. पण उद्या नको... जरा सुकू दे ना. आत्ता निघालो तर सगळं दारावर उडेल."

तो हसला. पण हात सोडला नाही, आणि पंधरा मिनिटांची चाळीस कधी झाली ते आम्हाला कळलं नाही.

रविवारी कुकटपल्लीच्या आमच्या घरापासून नामपल्लीपर्यंत मी एकटी गेले. गाडी एकदाही बंद पडली नाही.

बाबा पिशवी घेऊन बाहेर आले. मला बघितलं, गाडीला बघितलं, मग इकडेतिकडे बघितलं.

"कोण घेऊन आलं?"

"मी."

त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि गाडीभोवती फिरायला लागले. पुढच्या चाकापाशी दुखऱ्या गुडघ्यावर वाकले, टायरवर बोट ओढलं, बोट बघितलं. स्वच्छ. चाकामागच्या दारावर, नेमकं जिथं थेंब उडतात तिथं, तळवा फिरवला. स्वच्छ.

"घसरली नाही कुठं?"

खोटं बोलायचं मी ठरवलं होतं. "घसरली," मी म्हणाले. "सोमवारी. मीच चुकीचं लावलं होतं. मग शिकले."

त्यांनी "हं" केलं. पिशवी उचलून डिकी उघडली. आणि तेव्हा मला आठवलं – स्टेपनी! त्यांची एकतीस वर्षांची सवय! त्यांनी चटई उचलली. खाली पाचवा टायर काळाभोर लखलखत होता.

त्यांनी टायरवर बोट ओढलं.

"ही कुणाला दिसते?"

"कुणालाच नाही, बाबा."

"मग कशाला लावला?"

मी चटईचं टोक सरळ करायला लागले. डोळे भरून आले.

"नीट लावायला वेळ जातो," बाबा सावकाश म्हणाले. "लावून थांबावं लागतं. एकटीच थांबलीस?"

"...नाही."

"नाव?"

"सौरभ. सुलतान बाजारचे आहेत ते लोक. त्याचं दुकान आहे. त्यानं... बाबा, त्यानं मला पूल चढायला शिकवलं."

त्यांनी डिकी लावली, न आपटता, दाबून. मी किल्ली पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही. वळसा घालून डाव्या बाजूला गेले, बसले आणि बेल्ट लावला. मी आत येऊन बसले तरी ते समोरच बघत होते.

"रवीला फोन करावा लागेल," ते म्हणाले. "दुसरी बघ म्हणावं."

मी किल्ली फिरवली. पहिला गिअर टाकला, क्लच हळू सोडला... अजून हळू. गाडी फाटकातून बाहेर पडली. बाबांनी गुडघा चोळला, बाहेर बघितलं आणि सहज विचारावं तसं विचारलं, "पिलर नंबर किती म्हणालीस?"

मी काहीच म्हणाले नव्हते. पण आमच्या भागात दुकानाचा पत्ता मेट्रोच्या पिलरच्या नंबरानंच सांगतात.

"सातशे चाळीस," मी म्हणाले, आणि इंडिकेटर दिला.