मगाच्या तळचा शिक्का

“लेकीचं लगीन तोंडावर आलंय... चोरीची वस्तू घरात ठेवून मी तिच्यावर फुलं टाकायची नाय!” ट्रंकेतला झाकणाचा मग सावळीरामांच्या पुढ्यात ठेवून भिमाबाईंनी पदरात तोंड खुपसलं आणि त्या रडू लागल्या.

सावळीरामांच्या काळजात चर्र झालं. केवढा देखणा मग तो! पांढऱ्याशुभ्र चिनी मातीचा, वर कथलाचं झाकण, अंगावर हरणामागे धावणारा शिकारी रंगवलेला. एकाहत्तरच्या लढाईआधी सावळीराम देवळालीच्या एका लष्करी मेसमध्ये वेटर होते. तेव्हा जर्मनीत शिकून आलेल्या मेजरसाहेबांनी बदली होऊन जाताना तो त्यांना स्वहस्ते दिला होता. साहेबांच्या अंथरुणाला खिळलेल्या आईचं सावळीरामांनी सख्ख्या लेकासारखं केलं होतं ना! “यातून तिकडे बिअर पितात, सावळीराम. तू पीत नाहीस, तू आठवण म्हणून ठेव,” असं साहेब हसत म्हणाले होते.

हरखून ते नाशिकरोडच्या खोलीवर आले, तर भिमाबाईंनी मग आधी उपडा करून पाहिला. तळाशी निळा शिक्का! आता आपल्याकडे भांड्यावर नाव असतं ते मालकाचं; लोटा असो की परात, ज्याचं नाव त्याचं भांडं. मेसच्या बशांनाही तळाशी निळाच शिक्का असतो, हे त्या माउलीने पाहिलेलं. झालं! सावळीरामांनी घसा कोरडा पडेस्तोवर सांगितलं, पण “साहेब लोक असली वस्तू वेटरला देत्यात व्हय?” हा एकच प्रश्न. तेव्हापासून विहारात सगळे पंचशील म्हणू लागले, की चोरी न करण्याच्या शीलापाशी भिमाबाईंचे ओठ मिटत... त्या मानी माणसाने ते मुकं शल्य इतकी वर्षं उरात वागवलं! भिमाबाईंनी बाहेर मात्र कुणाला ब्र ऐकू दिला नाही, हेही तितकंच खरं.

“काय करू म्हणतेस?” सावळीरामांनी विचारलं.

“मेसमध्ये जाऊ. तुमच्या हातानं परत करा, तोंडानं कबूल करा. मग माझ्या जिवाला घोर नाय.”

सावळीरामांनी तिच्याकडे पाहिलं. संशयाने ती स्वतःच किती झिजली होती! डोळ्यांखाली काळं, गळ्याची हाडं वर आलेली... त्या वेदनेपुढे आपल्या इभ्रतीची काय मातब्बरी? “चल,” एवढंच म्हणून त्यांनी चपला घातल्या.

मेसचा कारभार आता एका नव्या हवालदाराकडे होता. ज्या दालनात वर्षानुवर्षं ताठ मानेने जेवण वाढलं, तिथेच मान खाली घालून सावळीरामांनी मग टेबलावर ठेवला. “साहेब, मेसची वस्तू हाय. मी... मीच चोरून नेली होती.” शब्द नव्हते ते, निखारे होते!

हवालदाराने मग उपडा करून निरखला, नंतर कपाटातली एक बशी आणून शेजारी पालथी ठेवली. “बाबा, पलटणीचा शिक्का हा बघा. तुमच्या मगावरचा कारखान्याचा आहे, कुणी घडवला ते सांगणारा. खाली जर्मनी लिहिलंय. ही मेसची वस्तूच नाही. न्या घरी.”

भिमाबाईंच्या पायांखालची जमीन सरकली. मेसचा नव्हे... घडवणाऱ्याचा! त्यांनी दोन्ही शिक्क्यांवरून बोट फिरवलं आणि त्या नवऱ्याकडे वळल्या.

“अवं... तुम्ही चोरलाच नव्हता! मग आत्ता चोरला म्हून का सांगितलं?”

“इतकी वर्षं खरं सांगितलं, तुला पटलं नाय गं,” सावळीराम शांतपणे म्हणाले. “म्हटलं, खोटं सांगून तरी तुला झोप लागंल.”

भिमाबाईंनी हंबरडा फोडला. “मला माफ करा... लय पाप झालं माझ्या हातून!” एका हातात मग, दुसऱ्या हातात भिमाबाईंचा हात धरून सावळीराम बाहेर पडले.

फाटकावर बंदूकधारी शिपाई उभा होता, कुठल्यातरी दूरच्या मुलखातला, मराठीचा गंध नसलेला. भिमाबाई त्याच्यासमोर थांबल्या आणि डोळे पुसून मोठ्याने म्हणाल्या, “ह्यांनी चोरी केली नाय, भाऊ! ह्यांनी कधीच केली नाय!”

त्याला अक्षरही कळलं नाही. त्याने अदबीने मान तेवढी हलवली. आणि इतक्या वर्षांत डोळ्यांतून टिपूस न काढलेले सावळीराम फाटकाच्या भिंतीकडे तोंड करून हुंदके देत रडू लागले.