सतरा नंबरची नोटीस

"शनिवारी माझ्या पूर्वीला तिच्या बापाकडे, वैभवकडे द्यायचं म्हणे!" नम्रताने कोर्टाच्या हुकमाची प्रिंट टेबलावर आपटली. "काल वैभवने व्हॉट्सअ‍ॅप केला तेव्हा कळलं. घटस्फोटाची केस चालू आहे हेच मला माहीत नाही, आणि एकतर्फी हुकूम?"

वकील मॅडम कोर्टात होत्या. दादरच्या ऑफिसात फक्त त्यांचा क्लार्क रघुवीर. पन्नाशीचा माणूस, पण बिल्डिंगमधल्या लोकांना वर्षभर एप्रिल फूल करायचा. आज मात्र सात वर्षांच्या पोरीचं नाव वाचून त्याने जीभ आवरली.

संध्याकाळपर्यंत तो कोर्टातलं रेकॉर्ड बघून आला.

"कोर्टाचा बेलीफ लिहितो, खोली नंबर सतरा, घरातल्या माणसाने नोटीस घेतली नाही, म्हणून दारावर चिकटवली. पोस्टाचं पाकीटही 'नकार' म्हणून परत."

"वैभवने बेलीफला खिशात घातलं असणार."

"आणि पोस्टमनला पण? ताई, दिवसा घरी कोण असतं?"

"मी आठ ते चार लॅबमध्ये. पूर्वी शाळेत. बाबा असतात. ते असं का करतील?"

गुरुवारी दुपारी रघुवीर लालबागच्या चाळीत हजर. गॅलरीत सगळी दारं सताड उघडी. सोळा नंबरच्या गंगुबाई तांदूळ निवडत होत्या.

"आजी, इथे कोर्टाचा माणूस आलेला का?"

"मी महिनाभर गावाला होते रे मेल्या, मला काय ठाऊक? कालपरवा आले तर ह्या सतराच्या दत्तारामने दार रंगवलेलं. गणपतीला अजून सहा महिने! आणि रंगवलं ते पण बाहेरूनच. आत तसंच काळंकुट्ट."

रघुवीरने सतराच्या दारावरून हळूच बोट फिरवलं. रंगाखाली चौकोनी कड लागली. डिंकाने धरून ठेवलेला, अर्धवट खरवडलेला कागद.

तरी खात्री हवी. मग त्याने आपला नेहमीचा एप्रिल फूलचा धंदा केला. खाली चौकात गेला, तोंडाला रुमाल लावला आणि ठणठणीत ओरडला, "रजिस्टर! कोर्टाचं रजिस्टर पत्र आहे!"

सबंध चाळ गॅलरीत वाकली. एकच दार धाडकन लागलं. आतून कडी.

सतरा नंबर.

त्याने नम्रताला फोन केला. ती अर्ध्या रजेवर धावत आली. तिचा आवाज ऐकून सत्तरीच्या दत्तारामांनी दार उघडलं.

"वैभवने पत्ता बरोबर दिला होता," रघुवीर म्हणाला. "बेलीफ खरं बोलला. पोस्टमन खरं बोलला. नोटीस तुम्ही नाकारलीत, काका. चिकटवलेली खरवडलीत. डाग राहिला, म्हणून रंग मारला. खोली टोकाची, शेजारच्या आजी गावाला, त्यामुळे बघणारं कोणी नाही. फक्त का केलंत ते मला कळत नाही."

दत्ताराम खाटेवर बसले.

"मिलमध्ये आम्ही नोटीस हातात घ्यायचो नाय. युनियनवाला सांगायचा, घेतली नाय तर लागू होत नाय. आम्ही दोन वर्षं तसं टिकलो." ते मुलीकडे बघत नव्हते. "वाटलं, कागदच नाय घेतला तर ह्यांचा घटस्फोट कसा होईल? राग जाईल, जावई येईल न्यायला."

"मला विचारायचं तरी, बाबा."

"विचारलं असतं तर तू घेतली असतीस गो."

ते खरं होतं. नम्रताने नोटीस घेतलीच असती.

शुक्रवारी अर्ज गेला, सोबत दत्तारामांचं प्रतिज्ञापत्र. जज मॅडमनी विचारलं, तेव्हा म्हाताऱ्याने सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलं. समोर वैभव मान खाली घालून उभा. हुकमाला स्थगिती मिळाली. नम्रताचं ऐकून घेईपर्यंत पूर्वी आईकडेच.

बाहेर रघुवीरने चहा आणला. दत्तारामांनी कप तसाच धरून ठेवला.

"म्हणजे आता घटस्फोट?"

"होईल, काका. पण पोरीचा निकाल आईला विचारून होईल."

नम्रता जवळ आली. "बाबा, मी आणि पूर्वी उद्यापासून परळला राहतोय. मैत्रिणीची खोली रिकामी आहे."

"माझ्यावर राग धरून?"

"राग नाही. पण केस संपेपर्यंत माझे कागद माझ्याच हातात पडायला हवेत."

त्यांनी मान हलवली.

"पूर्वीक रविवारी तरी आणशील?"

"आणीन."

"किती वाजता?" दत्तारामांनी विचारलं. "बांगडे सकाळीच आणावे लागतात."